पादेलोणाचा वास आणि हवेतला ऑक्सिजन: समुद्रातल्या गंधकाची तीन अब्ज वर्षांची वही

चाटवर पादेलोण भुरभुरलं की उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. मूळच्या शेंदेलोणाला हा वास नसतो. पारंपरिक पद्धतीत ते मीठ कोळसा, हिरडा, बाभळीची साल अशा गोष्टींसोबत मडक्यात बंद करून भट्टीत तासन्‌तास भाजतात. मिठात थोडं सल्फेट असतं, म्हणजे ऑक्सिजनशी बांधलेलं गंधक. तापलेला कार्बन तो ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे सल्फाइड उरतं. त्यातलं थोडं लोखंडाशी जुळतं आणि खड्याला काळसर रंग चढतो. वास आणि रंग दोन्ही एकाच देवघेवीतून येतात.

समुद्राच्या तळाशी जिवाणू हीच देवघेव भट्टीशिवाय करत आले आहेत, आणि तेही तीन अब्ज वर्षांहून अधिक काळ. पृथ्वीच्या इतिहासावरच्या बातम्यांत अधूनमधून एक वाक्य येतं: ‘सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन आला.’ वाचणाऱ्याच्या मनात साहजिक प्रश्न येतो की हे कळलं कसं? तेव्हाची हवा कुणी बाटलीत भरून ठेवली नव्हती. उत्तराचा मोठा भाग गंधकात आहे. हवेत ऑक्सिजन किती होता आणि समुद्र कसा होता याची नोंद गंधक दगडात ठेवून जातं. शिवाय तो ऑक्सिजन हवेत टिकवण्यातही गंधकाचा हात आहे.

## गंधकाची दोन रूपं

या लेखापुरते दोन शब्द लक्षात ठेवले की पुरे. सल्फेट म्हणजे एका गंधकाला चार ऑक्सिजन चिकटलेले. ते पाण्यात विरघळतं आणि त्याला वास नसतो. सल्फाइड म्हणजे ऑक्सिजन गमावलेलं गंधक. ते वायू असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, लोखंडाशी जुळलं तर काळा चिखल होतो, आणि पुढे त्याचं पिवळ्या चकाकीचं खनिज बनतं. त्या खनिजाचं नाव पायराइट. सोनं समजून अनेकांनी घरी नेलेला दगड तो हाच.

आजच्या समुद्राच्या दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. मिठातल्या क्लोराइडनंतर ऋणभार असलेल्या घटकांत त्याचाच नंबर लागतो. आत आलेला गंधकाचा अणू समुद्रातून बाहेर पडायला सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळ घेतो. सगळा समुद्र एकदा ढवळून निघायला मात्र हजार-दोन हजार वर्षं पुरतात. त्यामुळे अरबी समुद्र असो की पॅसिफिक, सल्फेटची जात सगळीकडे सारखी. एका जागचा विश्वासू नमुना मिळाला तर साऱ्या समुद्राचा अंदाज बांधता येतो तो याच कारणाने. ‘विश्वासू’ या शब्दावर पुढे बरंच बोलायचं आहे.

## खाडीच्या चिखलात काय चालतं

ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीतला किंवा गोव्याच्या खाजणातला चिखल वरून तपकिरी दिसतो. बोटभर उकरलं की काळा लागतो आणि वास येतो. तपकिरी थर म्हणजे ऑक्सिजन पोचतो तेवढी जागा. किनाऱ्यावरच्या चिखलात ती बहुधा काही मिलिमीटरच असते. त्याखालचे जिवाणू पाला, शेवाळ, मेलेले जीव असं सेंद्रिय खाद्य ‘जाळायला’ इतर गोष्टी वापरतात: आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोखंडाचे गंज, मग सल्फेट. तेही संपलं की मिथेन तयार होऊ लागतो. या रांगेत सल्फेटपासून मिळणारी ऊर्जा कमी, पण साठा प्रचंड. म्हणून किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रतळावर जे सेंद्रिय द्रव्य कुजतं, त्यातलं जवळपास निम्मं सल्फेटवाले जिवाणूच संपवतात.

तयार झालेल्या सल्फाइडपैकी बहुतेक, साधारण दहातले नऊ भाग, वर सरकताना ऑक्सिजनशी गाठ पडून पुन्हा सल्फेट होतात. उरलेला दहावा हिस्सा लोखंडाला सापडतो. आधी काळं आयर्न सल्फाइड, मग पायराइट. सूक्ष्मदर्शकाखाली हा पायराइट तुतीच्या फळासारखा दिसतो, बारीक स्फटिकांचा गोल घोस. गोळे काही मायक्रॉनचेच असतात, आणि त्यांचा आकारही बोलतो. पाण्यातच सल्फाइड असेल तर गोळे लवकर तळाला पडतात, म्हणून लहान आणि एकसारख्या मापाचे राहतात. चिखलात सावकाश वाढलेले मोठे आणि विषम मापाचे असतात.

हा काळा चिखल मुद्दाम कोरडा केला तर काय होतं ते केरळात कुट्टनाडच्या ‘करी’ जमिनीत दिसतं. पायराइटला हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं आणि माती इतकी आंबट होते की भात धरत नाही. खारफुटीची जमीन निचरा करून शेतीला काढताना पहिली चूक होते ती इथेच.

## एक किलो पायराइट, एक किलो ऑक्सिजन

वनस्पती आणि शेवाळ साखर बनवताना ऑक्सिजन सोडतात. ती साखर पुढे ऑक्सिजन वापरूनच कुजली तर देणं-घेणं फिटलं, शिल्लक शून्य. पण कुजवणाऱ्या जिवाणूने हवेतल्या ऑक्सिजनला हात न लावता सल्फेटमधला ऑक्सिजन वापरला, आणि उरलेलं सल्फाइड पायराइट होऊन गाडलं गेलं, तर तेवढा ऑक्सिजन हवेत शिल्लक पडतो.

पायराइटमधलं लोखंड मुळात गंजाच्या रूपात आलं असं धरून समीकरण मांडलं तर पायराइटच्या ४ रेणूंमागे ऑक्सिजनचे १५ रेणू सुटतात. वजन केलं की ४ पायराइट म्हणजे ४८० आणि १५ ऑक्सिजन म्हणजेही ४८०. योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोपा: एक किलो पायराइट गाडला गेला की एक किलो ऑक्सिजन वर उरतो. उलट, डोंगर झिजून तोच पायराइट उघडा पडला की किलोमागे किलो ऑक्सिजन परत खातो.

हे खाणं आजही पाहता येतं. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत कोळशाच्या खाणींतून निघालेलं गंधकयुक्त द्रव्य उघड्यावर पडतं, त्याचं आम्ल होतं आणि ओढे-नद्यांचं पाणी आंबट होतं. निसर्ग हेच काम लाखो वर्षांत हळूहळू करतो आणि नद्या ते सल्फेट समुद्रात नेऊन टाकतात.

## टाकीला नळ एक, मोऱ्या दोन

समुद्र ही सल्फेटची टाकी समजा. सल्फेट मुख्यतः नद्यांमधून येतं, थोडं गंधक ज्वालामुखींमधून. बाहेर जायच्या मोठ्या मोऱ्या दोन. पहिली पायराइट. दुसरी जिप्सम, म्हणजे सल्फेट आणि कॅल्शियमचा क्षार. तोच भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात.

दुसरी मोरी कशी चालते ते कोणत्याही मिठागरात कळतं. समुद्राचं पाणी वाफ्यांमधून फिरवत आटवतात. पाणी मूळच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास आलं की जिप्सम बसू लागतं, आणि दहाव्या हिश्शावर खाण्याचं मीठ. म्हणून आगरात जिप्समचा थर आधीच्या वाफ्यांत आणि मीठ शेवटच्यात. समुद्राच्या मापाने असं मिठागर तयार व्हायला अर्धवट कोंडलेलं खोरं आणि कोरडं हवामान लागतं. ५९.७ ते ५३.३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचं अटलांटिकशी नातं जवळजवळ तुटलं आणि तो समुद्र असंच मिठागर झाला. अशी खोरी सतत नसतात. ही मोरी मधूनच धो-धो वाहते आणि मग कोट्यवधी वर्षं बंद पडते.

तिसरी छोटी वाटही आहे. समुद्रतळाच्या भेगांमधून पाणी आत जाऊन साधारण १५० अंशांवर तापलं की सल्फेट तिथेच बसतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम सल्फेटचं उलट आहे.

## चिवड्यातले काजू

कोणत्या मोरीतून किती गेलं हे कसं कळतं? इथे तिसरा शब्द लागतो: समस्थानिक. एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू म्हणजे समस्थानिक. गंधकात सुमारे ९५ टक्के अणू ३२ वजनाचे, साधारण ४.२ टक्के ३४ चे, पाऊण टक्का ३३ चे, आणि ३६ चे अगदी नगण्य.

सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंना हलकं ३२ सोपं पडतं, कारण त्याचा बंध तोडायला किंचित कमी ऊर्जा लागते. परिणामी पायराइट हलकं होतं आणि समुद्रात उरलेलं सल्फेट जड. जिप्सम मात्र निवड करत नाही म्हटलं तरी चालेल. चिवड्याच्या डब्यातून एक मूल फक्त काजू वेचतंय आणि दुसरं मूठभर उचलतंय, असा हा प्रकार. डब्यात काजू किती उरले ते मोजलं की वेचणाऱ्याने किती खाल्लं ते कळतं. (फरक एवढाच की हलकं गंधक काजूंसारखं मोजकं नाही. ते मुबलक असतं, आणि जिवाणूंची निवड फार तर सहा-सात टक्क्यांची असते.)

मोजमाप ‘दर हजारी’ देतात: ३२ च्या तुलनेत ३४ चं प्रमाण ठरवलेल्या शून्यापेक्षा हजारात किती जास्त (+, म्हणजे जड) किंवा कमी. शून्य धरलं आहे ते अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या कॅन्यन डायब्लो उल्केतल्या गंधकाला. आजच्या समुद्राचं सल्फेट +२१. नद्यांमधून येणारं गंधक +३ च्या आसपास धरू. पायराइट समुद्राच्या सल्फेटपेक्षा सरासरी ४५ ने हलकं असतं असं समजू. टाकी स्थिर असेल तर आलेलं आणि गेलेलं सारखं असायला हवं. मग पायराइटचा वाटा = (२१ − ३) ÷ ४५ = ०.४. म्हणजे बाहेर जाणाऱ्या गंधकापैकी ४० टक्के पायराइटमधून, बाकी जिप्सममधून. हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल. अडचण त्या ४५ मध्ये आहे. खडकागणिक आणि काळागणिक तो आकडा बदलतो, आणि या क्षेत्रातले निम्मे वाद त्याच्याभोवती फिरतात.

## ऑक्सिजनच्या आधीचा समुद्र

२४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात सल्फेट किती होतं? इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर मतानो नावाचं खोल सरोवर आहे. तिथल्या पाण्यात लोखंड भरपूर आणि सल्फेट अगदी कमी, म्हणजे त्या जुन्या समुद्राचा जिवंत नमुनाच. तिथले जिवाणू इतक्या कमी सल्फेटमध्ये काय निवड करतात ते पाहून आणि जुन्या दगडांशी ताडून २०१४ मध्ये एक अंदाज मांडला गेला: लिटरमागे जास्तीत जास्त पाव मिलिग्रॅम. आजच्या मानाने दहा हजार पटींनी कमी.

कारण सरळ आहे. जमिनीवरचं पायराइट गंजायला ऑक्सिजन लागतो, आणि तो नव्हता. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत पायराइटचे गोलसर खडे मिळतात, नदीत घरंगळून गुळगुळीत झालेले. कर्नाटकात बाबाबुदन गटाच्या तळाशी क्वार्ट्झच्या गोट्यांच्या थरांतही पायराइट आणि युरेनियमची खनिजं सापडतात. आज नदीत टाकलेला पायराइटचा खडा इतका प्रवास करून चकाकता राहणार नाही.

पण सगळ्यात भक्कम पुरावा वेगळाच आहे. ३२ च्या तुलनेत ३४ च्या अणूवर दोन न्यूट्रॉनचं जादा ओझं, ३३ वर एकाचं. म्हणून जिवाणू असोत, बाष्पीभवन असो की साधी रासायनिक क्रिया, ३४ दहा पावलं सरकला की ३३ साधारण ५.१५ पावलं सरकतो. २००० साली जेम्स फार्कर, हुइमिंग बाओ आणि मार्क थीमेन्स यांनी दाखवलं की सुमारे २४० कोटी वर्षांपेक्षा जुन्या दगडांत हा नियम मोडलेला आहे, आणि नंतरच्या दगडांत तो जवळजवळ काटेकोर पाळला जातो. जुन्या दगडांत ३३ चं विचलन दर हजारी दहाच्याही वर जातं, तर आजच्यांत ते शून्याला चिकटून असतं.

नियम मोडतो तो ज्वालामुखीच्या सल्फर डायऑक्साइडवर तीव्र अतिनील किरण पडल्यावर. त्यासाठी दोन अटी लागतात. एक, ते किरण खालच्या हवेपर्यंत पोचले पाहिजेत, म्हणजे ओझोनचं छत्र नको. ओझोन ऑक्सिजनपासूनच होतो. दुसरी अट कमी सांगितली जाते, पण तितकीच महत्त्वाची: हवेतून खाली यायला गंधकाला निदान दोन वेगळ्या वाटा हव्यात, शुद्ध गंधकाचे कण आणि सल्फेट. ऑक्सिजन असला की सगळंच सल्फेट होतं, दोन वाटांवरचा माल पुन्हा एकत्र मिसळतो आणि खूण पुसली जाते. गणितं सांगतात की ही खूण टिकायला ऑक्सिजन आजच्या लाखाव्या हिश्शाहून कमी हवा. म्हणून या खुणेचं नाहीसं होणं म्हणजे ऑक्सिजनच्या आगमनाची तारीख.

यावर एक रास्त शंका निघते. जुने दगड झिजून त्यांतलं खूणवालं गंधक नव्या गाळात आलं तर? तसं होऊ शकतं, आणि त्यामुळे तारीख खऱ्यापेक्षा अलीकडची दिसू शकते. म्हणूनच अभ्यासक ‘२४० ते २३० कोटी’ असा पट्टा देतात. वर्तमानपत्रातला एकच आकडा त्या पट्ट्याचा संक्षेप असतो.

## मग समुद्र लगेच आजच्यासारखा झाला?

नाही. या गोष्टीतला मला सगळ्यात रोचक वाटणारा भाग इथून सुरू होतो.

ऑक्सिजन आल्यावर जमिनीवरचं पायराइट गंजू लागलं आणि सल्फेट समुद्रात वाहू लागलं. रशियात कारेलियामधल्या ओनेगा खोऱ्यात खोल भोक पाडल्यावर सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वीचे मिठाचे आणि जिप्समवर्गीय खनिजांचे थर मिळाले, एकूण जाडी ८०० मीटर. त्यांवरून तेव्हाच्या समुद्रात आजच्या निदान एक-तृतीयांश सल्फेट होतं असं निघतं. पण हा सुकाळ टिकला नाही. त्यानंतर सल्फेट पुन्हा घसरलं.

१९९८ मध्ये डोनाल्ड कॅनफिल्ड यांनी एक कल्पना मांडली. जगातले लोहखनिजाचे मोठे पट्टेदार थर सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी बनायचे थांबतात. तोवरची समजूत अशी की खोल समुद्रातही ऑक्सिजन पोचला आणि लोखंड गंजून संपलं. कॅनफिल्ड म्हणाले, ऑक्सिजन पोचला नाही, सल्फाइड पोचलं. पायराइटमध्ये एका लोखंडामागे दोन गंधक लागतात. सल्फाइडचा पुरवठा लोखंडाच्या दुपटीवर गेला की लोखंड संपतं आणि सडक्या अंड्याचा वायू पाण्यात मोकळा उरतो. आजचा काळा समुद्र तसाच आहे: वरचं शे-दीडशे मीटर पाणी मासळीचं, आणि खाली दोन हजार मीटरहून खोल तळापर्यंत हायड्रोजन सल्फाइड.

पुढच्या मोजणीने ही कल्पना निम्मी टिकली. खोल समुद्र बहुतेक काळ विरघळलेल्या लोखंडाचाच राहिला. सल्फाइडवालं पाणी किनाऱ्यांलगत, मधल्या खोलीवर, पाचरीसारखं घुसलेलं होतं, म्हणजे जिथे सेंद्रिय खाद्य जास्त तिथे. भारतात बिहारच्या रोहतास जिल्ह्यात अमझोर इथे पायराइटची खाण होती. ते पायराइट विंध्य खोऱ्यातल्या बिजयगढ शेल या काळ्या थरातलं, सुमारे १२० कोटी वर्षांपूर्वीचं, म्हणजे याच मधल्या काळातलं. खत आणि गंधकाम्लासाठी खणलेला तो दगड म्हणजे गाडलेल्या सल्फाइडचाच ढीग.

अशी पाचर आजही बनते, आणि ती आपल्या किनाऱ्यावर. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतं. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण असतं, त्यामुळे हवा मिसळत नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना १९९९ मध्ये तळाजवळच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइडही सापडलं. पावसाळा सरला, वारा फिरला की ते पाणी निघून जातं. शंभर कोटी वर्षांपूर्वी ते जात नव्हतं.

## दगड नंतर बदलला नसेल कशावरून?

बदलतो, म्हणून नमुना घेण्यापासूनच दक्षता लागते. रस्त्याकडेचा उघडा दगड चालत नाही. पावसाने त्यातलं पायराइट अर्धं सल्फेट झालेलं असतं. शक्यतो खोल भोकातली ताजी गाभाकांडी, म्हणजे भोक पाडताना निघालेला दगडाचा अखंड दंडगोल, घेतात.

पायराइटसाठी दगडाची पूड आम्ल आणि क्रोमियम क्लोराइडमध्ये नायट्रोजनच्या प्रवाहात उकळतात. सुटलेलं हायड्रोजन सल्फाइड चांदीच्या द्रावणातून नेलं की काळं सिल्व्हर सल्फाइड बसतं. पुढे ते जाळून सल्फर डायऑक्साइड मोजतात. चारही समस्थानिक हवे असतील तर फ्लोरिनशी संयोग करून सल्फर हेक्झाफ्लोराइड करावं लागतं, कारण फ्लोरिनचा एकच स्थिर समस्थानिक आहे आणि वजनात गोंधळ होत नाही.

समुद्राच्या सल्फेटसाठी चुनखडी कामी येते. तिच्या स्फटिकात सल्फेटचे सूक्ष्म अंश अडकलेले असतात. पूड मिठाच्या पाण्याने आणि ब्लीचने धुवायची, म्हणजे बाहेरून चिकटलेलं सल्फेट आणि सेंद्रिय गंधक जातं. मग हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची, झटपट गाळायची आणि बेरियम क्लोराइड घालायचं. पांढरं बेरियम सल्फेट खाली बसतं. गडबड होते ती मधल्या पायरीत. दगडात पायराइट असेल आणि आम्लात गंजाचं लोखंड सुटलं असेल, तर पायराइट तिथल्या तिथेच गंजून हलकं गंधक द्रावणात मिसळतं. समुद्र खऱ्यापेक्षा हलका दिसतो. प्रयोगशाळेतल्या एका तासाच्या आळसाने लाखो वर्षांची ‘घटना’ तयार होऊ शकते.

## एका चिखलावरून साऱ्या समुद्राची गोष्ट?

हा आक्षेप सगळ्यात टोकदार आहे. चिवड्याकडे परत जाऊ. डबा उघडा असेल आणि कुणी वरून भरत असेल तर वेचणाऱ्याला कायम काजू मिळतात. डबा बंद केला तर काजू संपल्यावर त्याला पोहेही खावे लागतात, आणि शेवटी त्याने खाल्लेलं म्हणजे सगळा चिवडाच. चिखलात तेच. गाळ सावकाश साचत असेल तर वरून सल्फेट येत राहतं आणि पायराइट खूप हलकं बनतं. गाळाचा लोंढा आला की खालचं पाणी कोंडतं आणि पायराइट जड होत जातं. समुद्र मात्र बदललेला नसतो.

भूमध्य समुद्रात लायन्सच्या आखातातल्या गाभ्यात हे लख्ख दिसलं. गेल्या पाच लाख वर्षांतल्या पायराइटचं मूल्य दर हजारी ७६ ने वर-खाली झालं होतं, हिमयुगं आली-गेली तसं. एवढ्या काळात साऱ्या समुद्राचं सल्फेट जवळजवळ हलतही नाही. बदललं होतं ते फक्त गाळ साचण्याचं मान. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर जुन्या काळातल्या बऱ्याच ‘जागतिक’ उड्यांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, आणि ते योग्यच झालं. आता पायराइट एकटं साक्षीला उभं करत नाहीत. सोबत चुनखडी, बेराइट (बेरियम सल्फेटचं खनिज) किंवा जिप्सम लागतं.

## चंद्रपूरचा कोळसा, आसामचा कोळसा

हा हिशोब जमिनीवरही दिसतो. विदर्भात वर्धा खोऱ्यातला गोंडवना काळाचा कोळसा राखेला जड, पण गंधक बहुधा एका टक्क्याच्या आत. आसामच्या माकूम भागातल्या कोळशात ते कित्येक टक्के. गोंडवना दलदली गोड्या पाण्याच्या होत्या, तिथे जिवाणूंना सल्फेटच मिळालं नाही. आसामच्या दलदलींपर्यंत समुद्राचं पाणी येत होतं.

आता हे साऱ्या पृथ्वीच्या मापाने पाहा. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सेंद्रिय कार्बनचा मोठा वाटा समुद्राऐवजी अशा गोड्या दलदलींत गाडला जाऊ लागला. समुद्रतळाच्या जिवाणूंचं खाद्य घटलं, पायराइट कमी बनलं, म्हणून समुद्रात हलकं गंधक जास्त उरलं. कँब्रियन काळात (सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी) +३० च्या वर असलेलं समुद्राचं मूल्य पर्मियनमध्ये (३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी) +११-१२ पर्यंत उतरलं, त्याचा मोठा भाग या अदलाबदलीचा मानतात.

## शेंदेलोण समुद्रात परतलं का?

शेंदेलोण येतं पाकिस्तानातल्या खेवडा खाणीतून, सॉल्ट रेंज या डोंगररांगेतून. ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं ते मीठ, सोबत जिप्सम. त्याच सुमाराचे थर ओमान, इराण आणि राजस्थानात नागौर-गंगानगरच्या जमिनीखालीही आहेत.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या सल्फेटचं मूल्य थोडक्या काळात +१७ वरून +२२ च्या आसपास गेलं. उलरिख वोर्टमन आणि अदिना पेटन यांनी २०१२ मध्ये सुचवलं की भारत आशियाला धडकला तेव्हा हे जुने मिठाचे थर वर उचलले गेले, विरघळले आणि समुद्रातलं सल्फेट झपाट्याने वाढलं. खाद्य तेवढंच पण सल्फेट जास्त, म्हणून पायराइट अधिक बनलं आणि उरलेलं सल्फेट जड झालं. त्याआधी, १२ कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण अटलांटिक उघडताना तिथे मिठाचे प्रचंड थर बसून समुद्र सल्फेटला कंगाल झाला होता, असंही त्यांचं म्हणणं. त्या सुमाराच्या, म्हणजे क्रेटेशियस काळातल्या, मिठाच्या स्फटिकांत अडकलेले पाण्याचे थेंब त्याला दुजोरा देतात. त्यांत सल्फेट आजच्या मानाने बरंच कमी भरतं.

दुसरी बाजू २०१८ मध्ये आली. फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांतलं गंधक बारकाईने मोजल्यावर काही अभ्यासकांनी म्हटलं की मीठ विरघळण्याची गरजच नाही. पायराइट उथळ किनाऱ्याऐवजी खोल समुद्रात बनू लागलं, एवढं पुरे. खोल समुद्रात गाळ सावकाश साचतो, चिवड्याचा डबा उघडा राहतो, वेचणाऱ्याला काजूच काजू.

दोन्ही मतांचा फरक तपासता येण्यासारखा आहे. पहिल्या मतात समुद्रातलं सल्फेट खूप वाढायला हवं, दुसऱ्यात तसं व्हायची आवश्यकता नाही. त्यासाठी हवेत नेमके त्या काळातल्या मिठात अडकलेले थेंब. खेवड्याच्या वायव्येला कोहाट भागात बहादुर खेलचं मीठ आहे, ते इओसिन काळातलं, म्हणजे जवळपास त्याच सुमाराचं. मात्र तिथलं पाणी मिटत चाललेल्या समुद्राच्या कोपऱ्यात कोंडलेलं होतं. आसपासच्या डोंगरांतून जुनं मीठ विरघळून आलंच असेल तर ते आधी याच कोपऱ्यात उतरलं असणार, आणि त्या थेंबातलं सल्फेट साऱ्या समुद्राचं की फक्त त्या कोपऱ्याचं, हे आधी वेगळं काढावं लागेल.